लेकराला दुसऱ्याच्या चुकीनं लागलं, तर शाळा सुटू नये म्हणून करायचे कागद

कापसाच्या दिवसांत आमच्या भागातले रस्ते संध्याकाळी पाहावेत. जिनिंगकडे निघालेली ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रेडियमची पट्टी, कापूस दोन्ही अंगांनी रस्त्यावर आलेला. त्याच रस्त्यानं शिकवणीहून सायकलवर परतणारी पोरं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेच्या ऑफिसात मी एकवीस वर्षं कारकुनी करतो आहे. वर्षाला दोन-तीन पालक तरी दवाखान्याची कॅरिबॅग हातात घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सर, याच्यासाठी कोणती स्कॉलरशिप हाय का?"

हाय, पण ती एका नावाची, एका खिडकीवर मिळणारी नाही. पैसे तीन वेगळ्या थैल्यांतून येतात आणि प्रत्येक थैलीचं तोंड वेगळ्या ऑफिसात उघडतं. पहिली थैली चूक कोणाची हे विचारतच नाही. अपघात झाला, मूल शाळेत शिकतं, एवढं तिला पुरतं. दुसरी फक्त तेवढंच विचारते की चूक कोणाची, आणि ती दाखवता आली तर सगळ्यांत मोठी रक्कम तिच्यातच असते. तिसरी म्हणजे शिष्यवृत्त्या. त्या झालेल्या खर्चाकडे पाहत नाहीत, पुढच्या शिक्षणाकडे पाहतात. या तिन्ही एकमेकींत मिसळल्या की माणूस भलत्या टेबलाशी भांडत बसतो. म्हणून सुरुवात पहिल्या दिवसापासून करतो, कारण तिन्हींना लागणारे कागद त्याच दिवशी तयार होतात, किंवा कायमचे बिघडतात.

दवाखान्यात पहिला प्रश्न: "कसं लागलं?"

आधी १०८ ला फोन. अँब्युलन्स फुकट आहे. रस्त्यावरचा मोटार अपघात असेल तर ११२ ला पण सांगा, म्हणजे पोलिसांकडे त्याच वेळी नोंद पडते. केंद्र सरकारनं मे २०२५ मध्ये रस्ता अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. तिच्यात नेमलेल्या दवाखान्यात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार होतो, आणि गाडी कोणाची, विमा आहे की नाही, हे पेशंटकडून आधी मागत नाहीत. अपघाताला पोलिसांचा दुजोरा मात्र लागतो. त्याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा. तो बहुतेक दाराजवळच्या छोट्या टेबलाशी बसलेला असतो, आणि लोक त्याला चौकशी खिडकी समजून पुढे निघून जातात.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टर किंवा सिस्टर विचारते, "कसं लागलं?" तुम्ही जे सांगाल ते केसपेपरवर चढतं, आणि तेच पुढची पाच वर्षं तुमच्या मागे फिरतं. आपल्याकडे या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची सवय नाही. पोलिसाचं झंझट नको, ट्रॅक्टरवाला शेजारच्या गावचा, उद्या त्याच्याच हडंब्यावर, म्हणजे मळणीयंत्रावर, आपली तूर काढायची आहे. मग सांगतात, "गाडीवरून पडला."

आमचा नववीतला एक पोरगा असाच ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर आदळला. मांडीचं हाड मोडलं. बरोबरच्या काकानं दवाखान्यात सांगितलं, "सायकल घसरून पडला." ट्रॅक्टरवाल्यानं सात हजार दिले आणि शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की आपसात मिटलं, आता काही मागणं नाही. पोराच्या मांडीत रॉड पडला, खर्च ऐंशी हजारांच्या वर गेला, तेव्हा घरचे जागे झाले. चाळीस दिवसांनी पोलिसात तक्रार, मग अपघाताच्या भरपाईच्या न्यायाधिकरणात दावा. दावा अजून चालू आहे, आणि विमा कंपनीचा वकील पहिल्या तारखेपासून तो एकच केसपेपर दाखवतो आहे. त्यात लिहिलंय सायकल घसरली, मग ट्रॅक्टर कुठून आला?

तेव्हा खरं सांगा, आणि पूर्ण सांगा: "अमुक रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीला धडकला, ट्रॉलीला दिवा नव्हता." गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहायला लावा. डॉक्टर अशा केसची एमएलसी करतात, म्हणजे पोलिसांना कळवतात. ते तुमच्या फायद्याचं आहे, घाबरू नका. जखमीला दवाखान्यात आणणाऱ्या वाटसरूला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं संरक्षण दिलं आहे. त्यानं चांगल्या मनानं मदत केली तर त्याच्यावर दावा लागत नाही, त्याला नाव सांगायची सक्ती होत नाही. हे आपल्या पोरांनाही सांगून ठेवा, कारण रस्त्यावर पडलेल्याला उचलायला आपल्याकडे लोक भितात ते याच एका गोष्टीपायी.

पोलीस ठाण्यात

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, त्यामुळे जुन्या भारतीय दंड संहितेतली २७९, ३३७, ३३८ ही कलमं आता कागदावर दिसणार नाहीत. भारतीय न्याय संहितेत बेदरकार गाडी चालवणं कलम २८१ मध्ये, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून दुखापत करणं १२५ मध्ये, आणि निष्काळजीपणानं मृत्यू १०६ मध्ये आहे. कलमं पाठ करायची गरज नाही. फक्त एफआयआर हातात आला की ती आहेत का ते पाहा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तक्रारदाराचा हक्क आहे. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाला म्हणून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर नोंदवायला सांगा. तो कोणत्याही ठाण्यात नोंदवून पुढे पाठवता येतो. नोंदवूनच घेत नसतील तर तीच तक्रार लेखी करून रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. एवढ्यावर बहुतेक काम होतं.

तक्रारीत दोन गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे, चूक नेमकी कोणती. "जोरात आला" एवढ्यानं भागत नाही. दिवा नव्हता, चुकीच्या बाजूनं आला, चालवणारा पोट्टा पंधरा वर्षांचा होता, ट्रॉलीचा कापूस पांढऱ्या पट्टीच्या बाहेर होता, असं लिहा. दुसरी, साक्षीदार. पानठेल्यावर बसलेल्या चार जणांनी पाहिलं असेल तर त्यातल्या दोघांची नावं त्याच दिवशी द्या. महिनाभरानं पाहणारे सगळे "आम्ही आवाज ऐकून आलो" म्हणतात.

मोबाइलवर जागेचे फोटो काढा, गाडी हलवण्याआधी. नंबरप्लेट, टायरच्या खुणा, सायकल कुठं पडली, रस्त्याला खड्डा होता का, हे सगळं फोटोत येऊ द्या. घटनास्थळ पंचनामा होताना घरचं एक शहाणं माणूस तिथं हजर असावं आणि नकाशात दिशा बरोबर आल्या का ते पाहावं. उत्तरेचा रस्ता दक्षिणेला गेलेले पंचनामे मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

पोलिसांवरही एक काम आहे. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे त्यांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, आणि सविस्तर अहवाल, म्हणजे डीएआर, ९० दिवसांत. हा सविस्तर अहवाल खुद्द दावा म्हणून धरता येतो. तपास अधिकाऱ्याला नम्रपणे विचारा, "साहेब, डीएआर पाठवला का?" हा शब्द तुमच्या तोंडून आला की साहेब एकदा तुमच्याकडे वर पाहतो.

आपसातला कागद: सही करू नका. समोरच्याला पैसे द्यायचेच असतील तर "उपचारासाठी तातडीची मदत" एवढंच लिहून पैसे घ्या, "पुढे काही मागणी राहणार नाही" ही ओळ त्यात नको. सरपंच बसले आहेत, पोलीस पाटील बसले आहेत, सगळे म्हणताहेत "कायले वाढवता भाऊ, तोबी आपलाच माणूस हाय", अशा वेळी हे कठीण जातं, मला माहीत आहे. पण ट्रॅक्टरचा विमा असला तर पैसे त्या आपल्या माणसाच्या खिशातून जात नाहीत, विमा कंपनीकडून जातात. हे बैठकीत मोठ्यानं सांगा. निम्मी बैठक तिथंच मवाळ होते.

शाळेतून जाणारा अर्ज

ही पहिली थैली. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना, पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. जून २०२२ च्या शासन निर्णयानं रकमा वाढल्या. अपघाती मृत्यूला दीड लाख. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर एक लाख. एक अवयव किंवा एक डोळा गेला तर ७५ हजार. अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागली तर प्रत्यक्ष दवाखान्याचा खर्च, जास्तीत जास्त एक लाख. आधी मृत्यूलाच ७५ हजार होते, म्हणून जुने शिक्षक अजून तोच आकडा सांगतात. ऐकू नका. खेळताना लागलं, अंगावर जड वस्तू पडली, आगीत भाजलं, विजेचा धक्का बसला, तरी खर्च मागता येतो. नशेत झालेली, मोटार शर्यतीत झालेली, किंवा गुन्हा करताना झालेली दुखापत बसत नाही.

अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यायचा. तिथून गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती. सोबत एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, बोनाफाईड, आधार, पासबुक. अपंगत्व असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचं प्रमाणपत्र. मृत्यूच्या प्रकरणात पैसे आधी आईच्या नावे, आई नसेल तर वडलांच्या नावे निघतात, तेव्हा आईचं खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आधीच पाहा.

मूळ बिलं देताना दोन झेरॉक्स संच काढून घरी ठेवा. दाव्यालाही तीच बिलं लागतात आणि मूळ बिलं शिक्षण विभागाच्या फायलीत गेली की परत येत नाहीत. दवाखान्यात उपचार जन आरोग्य योजनेत झाला असेल तर बिल शून्याचं असतं. मग परतावा फक्त तुम्ही खिशातून दिलेल्या पैशांचाच, म्हणजे बाहेरून आणलेल्या औषधांच्या, तपासण्यांच्या पावत्यांचा. मेडिकल स्टोअरवाला साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून देतो, ती चालत नाही. पेशंटच्या नावाचं, तारखेचं, जीएसटी नंबरचं बिल मागा.

आमच्या त्या नववीतल्या पोराला हे अनुदान मिळालं, दहा महिन्यांनी. सायकल घसरो की ट्रॉली लागो, अपघात तो अपघात, म्हणून इथं त्या केसपेपरनं घात केला नाही.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक दार आहे: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. तिच्यात सातबाऱ्यावरचा शेतकरी आणि घरातलं आणखी एक माणूस येतं, वय १० ते ७५. म्हणजे पाचवी-सहावीचं पोरही बसतं. मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक अवयव गेल्यास एक लाख. नुसत्या फ्रॅक्चरला काही नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, आणि तीस दिवसांच्या आत. पण एकाच अपघाताला दोन सरकारी अनुदानं मिळत नाहीत. मृत्यू किंवा अवयव जाणं असेल तर आकडे समोरासमोर मांडून कोणता अर्ज करायचा ते ठरवा.

दावा: मोठी रक्कम इथं

मोटार अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. ते जिल्हा न्यायालयातच असतं. अपघात जिथं झाला तिथं किंवा तुम्ही राहता तिथं, दोन्हीकडे दावा लावता येतो. म्हणजे चंद्रपूर रस्त्यावर लागलं म्हणून यवतमाळच्या माणसाला चंद्रपूरच्या फेऱ्या मारायची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्यावर कोर्टांत वाद चालू आहेत, पण तुम्ही सहा महिनेच धरून चाला. मूल कायद्यानं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं असतं, म्हणून दावा आई किंवा वडील त्याच्या वतीनं लावतात.

गाडीचा विमा आहे की नाही ते परिवहन विभागाच्या ॲपवर नंबर टाकून दोन मिनिटांत कळतं. विमा नसेल तर भार मालकावर येतो, वसुली अवघड होते. पोरं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेली असताना लागलं असेल तर विमा कंपनी हमखास हात वर करते, की ट्रॅक्टर शेतीसाठी आहे, माणसं वाहायला नाही. अशा वेळी दावा सोडायचा नसतो, पण वकील अनुभवी लागतो. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर केंद्राच्या योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. त्याचा अर्ज तहसील कार्यालयातून सुरू होतो.

लहान मुलाची कमाई नसते, मग भरपाई कशी मोजायची? हा प्रश्न कोर्टांनाही बरीच वर्षं पडला होता. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये एका मुलाच्या प्रकरणात ढोबळ माप घालून दिलं. पूर्ण शरीराचं १० टक्क्यांपर्यंत कायम अपंगत्व असेल तर एक लाख, १० ते ३० टक्क्यांना तीन लाख, ६० पर्यंत चार लाख, ९० पर्यंत पाच लाख, त्याहून वर सहा लाख. उपचार आणि सोबतच्या माणसाचा खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा. हे माप म्हणजे छत नव्हे. २०२० मध्ये त्याच न्यायालयानं बारा वर्षांच्या, पूर्ण परावलंबी झालेल्या एका मुलीला ६० लाखांच्या वर रक्कम दिली.

इथं शब्द महत्त्वाचा आहे: पूर्ण शरीराचं. प्रमाणपत्रावर "उजवा पाय ४५ टक्के" लिहिलं असेल तर ते पूर्ण शरीराचे ४५ टक्के होत नाहीत. डॉक्टरांना पूर्ण शरीराचा आकडाही लिहायला सांगा. त्या अपंगत्वानं कामात काय अडलं हे कोर्ट वेगळं पाहतं, २०१० पासून ते ठरलेलं आहे. पाय आखडल्यामुळे पोराला पोलीस भरतीची तयारी सोडावी लागली असेल तर तेही सांगा, आणि मैदानाच्या पावत्या असतील तर त्या जोडा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं मुलांना, बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, दिव्यांगांना फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बाकीच्यांना आपल्या राज्यात वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. तालुक्याच्या कोर्टाच्या इमारतीतच तालुका विधी सेवा समिती असते, फोन १५१००. खासगी वकील केलात तर एक लक्षात ठेवा: बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेता येत नाही. दवाखान्याच्या वॉर्डात "तीस टक्के आमचे, बाकी काही टेन्शन नाही" म्हणत फिरणारा माणूस वकीलही नसतो बहुधा. कोऱ्या वकालतनाम्यावर, कोऱ्या चेकवर सही करू नका. आमच्या गावात एकानं केली, आणि निकाल लागून सात महिने झाले तरी रक्कम आली हेच त्याला माहीत नव्हतं.

मुलाच्या नावची रक्कम न्यायाधिकरण बहुतेक वेळा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव करून ठेवतं, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. लोक यावर चिडतात. मला ते बरं वाटतं, कारण नाहीतर त्यातून आधी बोअर मारला जातो. शिक्षणाची फी भरायची असेल तर मुदतीआधी काढण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सोबत कॉलेजचं फीपत्रक जोडा.

रस्ता नाही, शेत असेल तर

आमच्याकडे रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेला करंट सोडतात. रात्री सोडलेला करंट सकाळी बंद करायचा राहतो आणि बकऱ्या चारायला गेलेलं पोर चिकटतं. तो सरळ गुन्हा आहे, निष्काळजीपणाचाही आणि वीजचोरीचाही. बिनकठड्याची विहीर, झाकण नसलेला बोअर, हडंब्यात ओढला गेलेला हात, शाळेची पडकी भिंत, ही सगळी याच जातीची प्रकरणं. इथं मोटार न्यायाधिकरण चालत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं, म्हणून विधी सेवा समितीकडे पहिल्या महिन्यातच जा. वीज कंपनीची तार तुटून पडली असेल तर बाजू जरा भक्कम असते. असा धोकादायक धंदा करणाऱ्याला "आमची चूक नव्हती" म्हणून सुटता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात ठरवलं आहे. महावितरणच्या उपविभागाला आणि विद्युत निरीक्षकांना लेखी कळवा. तारेचा तुटलेला तुकडा कंपनीचा माणूस उचलून नेण्याआधी फोटो काढा.

शाळेतल्या अनुदानाचा रस्ता मात्र या सगळ्यांना खुलाच आहे.

अपंगत्वाचं कार्ड

कायम दोष राहिला असेल तरच. दुखापत स्थिरावल्यावर, हाड जुळून डॉक्टरांनी आता यापुढे फरक नाही म्हटल्यावर, स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडी कार्डाचा अर्ज करा आणि जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला जा. ४० टक्के हा उंबरठा आहे. तो ओलांडला की २०१६ च्या कायद्यानं ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के राखीव जागा व पाच वर्षांची वयाची सूट मिळते. ३८ टक्के मिळाले तर फेरतपासणी मागता येते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. पुढे पडताळणीत कार्ड रद्द झालं तर त्या कार्डावर मिळालेली जागाही जाते.

परीक्षा तोंडावर असताना हात मोडला तर कार्डाची वाट पाहायची नाही. दहावी-बारावीला लेखनिक मिळतो. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन विभागीय मंडळ गाठायचं. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम, बुलडाण्याचं मंडळ अमरावतीला, बाकी विदर्भाचं नागपूरला. लेखनिक खालच्या इयत्तेचा लागतो. तो आधीच ठरवून ठेवा, आणि त्याचं अक्षर पाहून ठेवा.

आता शिष्यवृत्ती

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या शिष्यवृत्त्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात: नववी-दहावीसाठी मॅट्रिकपूर्व, अकरावीपासून पुढे मॅट्रिकोत्तर. राज्याची मॅट्रिकोत्तर महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर. डिप्लोमा किंवा तंत्रशिक्षणाच्या पदवीला गेलेल्यांना एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, सक्षम शिष्यवृत्ती, वर्षाला ५० हजार, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. या सगळ्यांना ४० टक्के लागतात.

४० टक्के नसतील, किंवा लागलं बापाला आणि शाळा सुटायला आली पोराची, तर? बाप गेला असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. खासगीमध्ये एचडीएफसी बँकेची परिवर्तन शिष्यवृत्ती घरावर अलीकडे संकट आलेल्या विद्यार्थ्यांचा वेगळा विचार करते. गुण आणि उत्पन्नाच्या अटी दरवर्षी जाहिरातीत वाचून घ्या.

खासगी शिष्यवृत्तीत एक कोरी चौकट असते: "तुमच्यावर आलेल्या प्रसंगाबद्दल लिहा." आमची पोरं इथं अडतात. एक तर दोन ओळी लिहितात, नाहीतर मराठीच्या पेपरातला निबंध सुरू करतात: "नियतीच्या क्रूर आघातानं माझ्या जीवनाची होळी झाली." वाचणाऱ्यानं अशा तीनशे होळ्या त्या दिवशी वाचलेल्या असतात. मी पोरांना सांगतो, पंचनाम्यासारखं लिही, फक्त शेवटी स्वतःबद्दल लिही. समजा असं:

"१२ डिसेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मी शिकवणीहून सायकलनं घरी येत होतो. पुढच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. मी तिच्या कोपऱ्यावर आदळलो आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. वडिलांनी त्यासाठी गायी विकल्या. मी चार महिने शाळेत गेलो नाही, तरी वार्षिक परीक्षा दिली आणि ६१ टक्के मिळाले. आता मला आयटीआयला जायचं आहे. कॉलेज २२ किलोमीटरवर आहे आणि मला बसच्या पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून वसतिगृहाच्या खर्चासाठी मदत हवी आहे."

यात रडणं नाही, तरी वाचणारा थांबतो. पायऱ्यांमुळे थांबतो. पैसे नेमके कशाला हवेत तेही कळतं. ट्रॉलीवाल्याला शिव्या घालण्यात ओळी घालवू नका. त्याची चूक एका वाक्यात सांगून झाली. आणि तारीख, वेळ, कारण एफआयआरमध्ये आहे तेच इथं असू द्या. कारण जोडलेले कागद तपासले जातात, आणि तिथं बारा आणि इथं पंधरा डिसेंबर असलं की अर्ज बाजूला पडतो.

फॉर्म भरून "सबमिट" दाबलं म्हणजे झालं, असं समजू नका. राष्ट्रीय पोर्टल असो की महाडीबीटी, अर्ज शाळा-कॉलेजच्या लॉगिनमध्ये येऊन पडतो आणि तिथल्या कारकुनानं तपासून पुढे ढकलल्याशिवाय हलत नाही. कितीतरी अर्ज मुदत संपेपर्यंत तिथंच पडून राहतात. माझ्याकडूनही राहिले आहेत, खोटं कशाला बोलू. भरल्यावर चार दिवसांनी अर्जाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून ऑफिसात जा आणि माझ्यासारख्याला स्क्रीन उघडून दाखवायला सांगा. बँकेत जाऊन खातं आधारशी नुसतं जोडलं आहे की डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, जोडलं आहे हेही विचारा. दोन्ही वेगळं आहे, आणि मंजूर झालेले पैसे परत जातात ते बहुतेक याच कारणानं. उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढायला पंधरा दिवस लागतात, तेव्हा तो जूनमध्येच काढून ठेवा, आणि हाती दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.